केशराचा कंद

श्रीखंडातील, बासुंदीतील किंवा सणासुदीच्या दुधातील केशराची काडी सर्वांच्या परिचयाची असते. परंतु ही काडी ज्या फुलातून मिळते ते फूल आणि ते फूल ज्या कंदातून उगवते तो कंद फार थोड्या लोकांनी पाहिलेला असतो. केशर ही क्रोकस या प्रजातीतील वनस्पती होय. या प्रजातीच्या अनेक जाती युरोपातील बागांत शोभेसाठी लावतात. त्यांतील बहुतेक बर्फ वितळू लागताच, वसंताच्या प्रारंभी फुलतात. केशर मात्र शरद ऋतूत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलते.

केशराच्या फुलाला फिकट जांभळ्या रंगाच्या सहा पाकळ्या असतात. आत तीन पिवळे पुंकेसर आणि मधोमध एक स्त्रीकेसर असतो. स्त्रीकेसराच्या टोकाला लाल रंगाच्या तीन कुक्षी असतात. वाळवलेल्या या कुक्षी म्हणजेच बाजारात मिळणारे केशर. एका फुलातून तीनच काड्या मिळत असल्यामुळे एक ग्रॅम केशरासाठी सुमारे दीडशे फुले खुडावी लागतात. त्याचा भाव एवढा का असतो, हे यावरून सहज ध्यानात येते.

या सुंदर फुलाला बी मात्र धरत नाही. बहुतेक वनस्पतींच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात. केशरात ते तीन असतात. तीन संचांच्या नीट जोड्या लागत नाहीत, त्यामुळे बीजधारणा होत नाही. केशराचा रानटी पूर्वज ग्रीसमधील असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून दिसून आले. परंतु खुद्द केशर रानात आपोआप वाढलेले आढळत नाही. ते कंदापासून कंद असेच वाढते. आज जमिनीत असलेला केशराचा प्रत्येक कंद पिढ्यान्‌पिढ्या माणसाने खणून, निवडून आणि पुन्हा लावून जगवलेला आहे.

हा कंद कांद्यासारखा नसतो. कांदा कापला असता एकात एक बसलेले पापुद्रे दिसतात. केशराचा कंद सुरण किंवा अळकुडीप्रमाणे आतून भरीव असतो, म्हणून त्याला घनकंद म्हणतात. त्यावर तपकिरी, तंतुमय आवरण असते. फूल आणि कोवळी पाने वर येतात ती या कंदात साठवलेल्या अन्नावर. हे अन्न संपत गेले की जुना कंद सुकून जातो. परंतु तत्पूर्वी त्याच्या माथ्यावर नवे कंद धरू लागतात. हे नवे कंद पोसण्याचे काम पाने करतात. म्हणून केशराची निगा फूल खुडून संपत नाही. खरे तर तेथूनच पुढच्या वर्षीच्या फुलाची तयारी सुरू होते.

भारतात केशराची शेती मुख्यतः काश्मीरमध्ये होते. श्रीनगरजवळील पांपोर हे तिचे प्रसिद्ध केंद्र होय. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवरील तेथील पठारांना ‘करेवा’ म्हणतात. प्राचीन सरोवरातील गाळापासून ती बनली आहेत. तेथील शेतकरी थोडे उंच चौकोनी वाफे करून त्यांच्या सभोवती चर खणतात. पावसाचे व बर्फाचे पाणी चरातून निघून जाते आणि कंद कुजत नाहीत. घरच्या बागेत केशर लावणाऱ्यानेही हाच धडा घ्यावा. केशराला थंडी मानवते. साचलेले पाणी मानवत नाही.

काश्मीर, हिमाचल प्रदेश किंवा उत्तराखंड यांच्या थंड भागांत घराच्या अंगणात केशर लावता येते. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कंद लावावेत. कंद घट्ट, निरोगी आणि शक्यतो आठ ग्रॅमपेक्षा अधिक वजनाचे असावेत. लहान कंदाला पहिल्या वर्षी बहुधा पानेच येतात. मऊ पडलेला किंवा बुरशीचा डाग असलेला कंद बाजूला काढावा, कारण एका कंदाची कूज शेजारच्या कंदांना लागते.

जागा दिवसभर ऊन मिळणारी असावी. माती भुसभुशीत करून तीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. माती चिकण असल्यास वाळूही घालावी. कंदाचे टोक वर ठेवून तो दहा ते पंधरा सेंटिमीटर खोल लावावा. दोन कंदांमध्ये सुमारे दहा सेंटिमीटर अंतर ठेवावे. कुंडी वापरायची असल्यास तिच्या तळाला भोके असावीत आणि तळाशी खडीचा थर द्यावा. तीस सेंटिमीटर रुंदीच्या कुंडीत सहा-सात कंद पुरेसे होतात. लागवडीनंतर एकदा पाणी द्यावे. त्यानंतर माती वरून सुकल्याखेरीज देऊ नये.

ऑक्टोबरच्या मध्यानंतर फुले वर येऊ लागतात. ती पहाटे, पूर्ण उमलण्यापूर्वी खुडतात. त्याच दिवशी कुक्षी अलगद वेगळ्या करून सावलीत किंवा मंद उष्णतेवर वाळवाव्यात आणि घट्ट झाकणाच्या डबीत, उजेडापासून दूर ठेवाव्यात. ताज्या कुक्षीला केशराचा परिचित सुगंध नसतो. तिच्यातील कडू द्रव्याचे वाळताना विघटन होते आणि त्यातून तो सुगंध निर्माण होतो. घरच्या वाफ्यातून फार केशर मिळत नाही; परंतु चार फुलांच्या बारा काड्या एका वेळच्या खिरीला पुरतात.

फुले संपली की वाफ्यात गवतासारखी अरुंद पाने उरतात. पुष्कळजण ती निरुपयोगी समजून कापतात किंवा त्यांच्यावर पाय पडू देतात. ही चूक महागात पडते. याच पानांनी हिवाळाभर आणि वसंतात तयार केलेले अन्न खाली नव्या कंदांत साठते. म्हणून एप्रिल-मेमध्ये पाने आपोआप पिवळी पडून सुकेपर्यंत त्यांना हात लावू नये. वाफ्यातील तण काढत राहावे. पाने सुकल्यावर पाणी बंद करावे. उन्हाळ्यात कंद जमिनीत विश्रांती घेत असतो. मात्र याच काळात त्याच्या आत पुढील फुलाची कळी आकार घेते. या दिवसांत पाणी दिल्यास कंद कुजण्याचा धोका असतो. उंदीर व साळिंदर कंद उकरून खातात, त्यांच्यापासूनही जपावे लागते.

नवे कंद जुन्याच्या माथ्यावर धरत असल्यामुळे ते दरवर्षी थोडे वर सरकतात आणि त्यांची दाटीही वाढते. दाटीमुळे कंद लहान राहतात व फुले कमी येतात. त्यासाठी चार-पाच वर्षांनी उन्हाळ्यात कंद खणून काढावेत, रोगट कंद टाकून द्यावेत आणि उरलेले नव्या जागी योग्य खोलीवर पुन्हा लावावेत.

उष्ण प्रदेशात काय होते? महाराष्ट्राच्या मैदानी भागात विकत आणलेल्या कंदाला पहिल्या वर्षी फूल येऊ शकते, कारण त्यासाठी लागणारे अन्न आणि कळी कंदाबरोबरच आलेली असते. परंतु पुरेशी थंडी नसल्यास पाने लवकर सुकतात, नवे कंद बारीक राहतात आणि पुढे फुले येत नाहीत. बंद खोलीत तापमान नियंत्रित करून केशर फुलविण्याचे प्रयोग पुण्यासारख्या ठिकाणीही झाले आहेत. त्यांतही फूल मातीविना येते. पण नवे कंद पोसण्यासाठी माती आणि हिरवी पाने लागतातच.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. कोल्चिकम नावाच्या वनस्पतीचे फूल केशरासारखेच दिसते, पण ती अत्यंत विषारी आहे. केशराच्या फुलात पुंकेसर तीन असतात, कोल्चिकमच्या फुलात सहा. ओळख पक्की झाल्याशिवाय कोणतेही फूल खाण्यासाठी वापरू नये. बाजारातील केशरही पारखून घ्यावे, कारण त्यात करडईच्या पाकळ्या किंवा रंगवलेले मक्याचे तंतू मिसळले जातात. पाण्यात टाकल्यावर अस्सल केशर हळूहळू पिवळा रंग सोडते आणि त्याची काडी लालच राहते.

काश्मीरमध्ये १९९० च्या दशकात केशराखाली सुमारे ५,७०० हेक्टर जमीन होती. पुढे ती सुमारे ३,७०० हेक्टरपर्यंत घटली. वेळेवर न पडणारा पाऊस, शेतजमिनीवर उभी राहिलेली घरे, कंदांचे रोग आणि वर्षानुवर्षे एकाच जागी दाटीने राहिलेले कंद ही त्याची काही कारणे होत. ही शेती सावरण्यासाठी २०१० मध्ये राष्ट्रीय केशर अभियान सुरू झाले आणि २०२० मध्ये काश्मिरी केशराला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनामुळे केशराचे नाव सुरक्षित राहील; परंतु बी नसलेली ही वनस्पती टिकून राहण्यासाठी कोणीतरी दर काही वर्षांनी वाफा खणून, चांगला कंद निवडून, तो पुन्हा मातीत लावलाच पाहिजे.