राजूरचा घाट आणि बोटभर नळी

वैशाखातील एका लग्नासाठी मलकापूरचा बँड राजूरचा घाट चढून बुलढाण्यास आला, तेव्हा टेम्पोतून उतरताच सोसाफोनवाल्याने पितळी नळीची एक सरकती वळणी अंगठ्याने बोटभर आत लोटली, एक दीर्घ स्वर फुंकून तो क्लॅरिओनेटशी ताडून पाहिला आणि मगच ते अजस्र वेटोळे डोक्यावरून घेऊन डाव्या खांद्यावर स्थिर केले.

अमेरिकेतील बँडमास्टर जॉन फिलिप सूझा यांच्या सांगण्यावरून १८९३ च्या सुमारास हे वाद्य फिलाडेल्फियात प्रथम घडविले गेले. खांद्यावर वाहावयाचे हेलिकॉन तत्पूर्वीही होते. पण सूझांना साऱ्या बँडवर पसरणारा घनगंभीर नाद हवा होता, म्हणून आरंभी या वाद्याचे मुख आकाशाकडे उघडे असे. आपल्या मुलखात इंग्रजी अंमलात लष्करी छावण्यांतून पितळी बाजे आले, आणि छावणीचा तो दस्तूर वरातीने उचलला.

वेटोळे उलगडले तर नळी सुमारे साडेपाच मीटर भरेल. ओठांच्या कंपनाने तिच्यातील हवेचा स्तंभ आंदोलित होतो, आणि त्या स्तंभाची लांबी व ध्वनीचा वेग या दोहोंवर स्वराची उंची ठरते. घाटमाथ्यावर हवा विरळ, म्हणून स्वर बदलतो, असे पुष्कळांस वाटते. परंतु ते यथार्थ नव्हे, कारण दाब घटतो त्याच प्रमाणात घनताही घटते, वेगाच्या हिशेबातून दोन्ही परस्पर वजा होतात, आणि उरते ते केवळ तापमान. एका अंशाला वेगात सेकंदास सुमारे ०.६ मीटरचा फरक पडतो. मलकापूरच्या भाजून काढणाऱ्या सपाटीपेक्षा, सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवरचे बुलढाणे चार अंशांनी थंड धरले, तर साडेपाच मीटर नळीत साडेतीन सेंटिमीटरांची तफावत निघते; आणि वळणीला दोन बाहू असल्याने ती निम्मीच, म्हणजे बोटभर, सरकवावी लागते! क्लॅरिओनेटच्या आखूड नळीत वादकाचा उबदार श्वासच भरून राहतो, त्यामुळे तिचा स्वर फारसा ढळत नाही. या प्रचंड नळीत मात्र बाहेरच्या हवेचा अंमल अधिक चालतो. हे गणित त्या वादकाने कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते, ते त्याच्या कानाने केलेले होते, आणि याचे मला मनापासून कौतुक वाटते.

रात्री वरात मांडवाशी पोचल्यावर त्याने वेटोळे उलटसुलट फिरवून श्वासातील बाष्पाचे साचलेले पाणी धुळीत ओतले, आणि दुसऱ्या दिवशी तिथी मलकापुरातच असल्याने वळणी तिथल्या तिथे बोटभर बाहेर ओढून ठेवली.