इगतपुरीचा पाऊस खारट का नसतो?

जुलै महिन्यात मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या आगगाडीत बसलात, तर खिडकी लावून घ्यावीच लागते. 1865 साली सुरू झालेल्या थळ घाटाच्या लोहमार्गाने गाडी कसाऱ्याहून सुमारे 300 मीटर वर चढते आणि धुके, धबधबे पाहता पाहता इगतपुरी येते. येथे वर्षाला 3000 मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पुढे नाशिकला मात्र सुमारे 700 मिलिमीटरच. एवढे पाणी येते समुद्रावरून. पण समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. मग इगतपुरीचा पाऊस गोड कसा?

उत्तराचा अर्धा भाग घाटाखालच्या मिठागरांत सापडेल. उरण, वसई या भागांत समुद्राचे पाणी उथळ आगरांत घेऊन उन्हात आटवतात. पाणी उकळत नाही, तरीही पृष्ठभागावरून त्याची वाफ होत राहते. हे बाष्पीभवन. मिठाचे तसे नाही. मीठ वितळायलाच 801 अंश सेल्सियस तापमान लागते. त्यामुळे पाणी उडून जाते आणि मीठ खाली राहते. मिठागरवाल्याला मीठ हवे असते. पाणी कुठे गेले याची त्याला फिकीर नसते!

वाफेच्या इंजिनाची तऱ्हा याच्या उलट. 1930 साली मुंबईकडून विजेची गाडी इगतपुरीपर्यंत आली, तरी पुढच्या प्रवासासाठी येथे वाफेचे इंजिन लागे. बॉयलरमधल्या पाण्याची वाफ होई आणि पाण्यातले क्षार आत पुटासारखे चिकटून बसत. मिठागरात जे हवे, तेच येथे नको! म्हणून बॉयलर वरचेवर धुवावे लागत. वाफ मात्र काम आटोपून धुराड्यातून हवेत जाई.

दोन्ही ठिकाणी पाणी हातचे गेले. ते परत मिळवायचे तर वाफ थंड करायला हवी. हे संघनन, आणि सह्याद्री तेच करतो. समुद्रावरची दमट हवा डोंगराला अडून वर चढते. उंचावर दाब कमी, म्हणून ती प्रसरण पावते आणि थंड होते. दर 100 मीटरला जवळजवळ एक अंश. हवेत आणखी बाष्प मावेनासे झाले की त्याचे थेंब बनू लागतात. बाष्पीभवन आणि मग संघनन, या जोडीला ऊर्ध्वपातन म्हणतात.

आता हा प्रयोग शिक्षकांसमोर करा. किटलीत पाणी, चमचाभर मीठ आणि निळ्या शाईचे चार थेंब घाला. मंद आचेवर ठेवून तोटीसमोर स्टीलची थंड थाळी तिरपी धरा; हात मात्र वाफेत नको. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे 540 कॅलरी उष्णता बाहेर पडते, म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट. थाळीवरून ओघळणारे थेंब वाटीत जमवा. ते रंगहीन असतील. प्रयोगशाळेत त्यांत सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण टाका. मीठ आले असेल तर पांढरा साका दिसेल. (इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच असल्याने तेथे पाणी 98 अंशांनाच उकळते.)

मग दुसरी वाटी ठेवा, किटली काठोकाठ भरा आणि आच मोठी करा. पाणी खदखदू लागले की या वाटीतले पाणी निळसर दिसू शकते, साकाही येऊ शकतो. मिठाची वाफ झाली का? नाही. उसळत्या पाण्याचे बारीक तुषार वाफेबरोबर तसेच बाहेर आले. म्हणून प्रयोगशाळेत चंबू अर्धाच भरतात आणि त्यात चिनीमातीचे तुकडे टाकतात. उकळणे शांत होते.

समुद्रावरही असेच घडते. लाटा फुटतात, तुषार उडतात, ते सुकून मिठाचे सूक्ष्म कण हवेत तरंगतात. मीठ ओलावा ओढून घेते हे पावसाळ्यात घरोघरी दिसते. तसेच या कणांभोवती बाष्प जमते आणि ढगातले थेंब तयार होतात. म्हणजे इगतपुरीच्या पावसात थोडे मीठ असतेच! पण ते लिटरमागे काही मिलिग्रॅम, जिभेला न कळण्याइतके.