राहते घर आणि कंत्राटदाराचा बोजा

घडविलेला दागिना मजुरी चुकती होईपर्यंत सोनार आपल्यापाशी ठेवून घेऊ शकतो. घर बांधणाऱ्यास ही सोय नाही. भिंतीत बसविलेली वीट मालकाच्या जमिनीची होऊन जाते. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेत, राजधानी वॉशिंग्टनची उभारणी चालू असता, मेरीलँड राज्याने १७९१ साली कायदा करून कारागिराच्या येणे रकमेचा बोजा प्रत्यक्ष इमारतीवर चढविण्याची मुभा दिली. पुढे ही तरतूद त्या देशात सर्वत्र रूढ झाली. पैसे थकल्यास न्यायालयामार्फत इमारत विकवून वसुली करता यावी, हे तिचे मर्म.

टेक्सासमध्ये मात्र या हक्काची गाठ दुसऱ्या एका जुन्या हक्काशी पडते. टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक असताना, १८३९ साली, कुटुंबाचे राहते घर धनकोच्या जप्तीतून वगळण्यात आले आणि हे संरक्षण पुढे राज्यघटनेत गेले. बांधकामाचे देणे हा त्यास असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक. परंतु त्याचा लाभ घ्यावयाचा तर कंत्राटदाराने आधी कागद केलेला असावा लागतो. करार लेखी हवा, तो सामान येण्यापूर्वी व कुदळ पडण्यापूर्वी झालेला हवा, आणि काउंटीच्या दप्तरी नोंदविलेला हवा. मालक विवाहित असल्यास पती-पत्नी दोघांच्याही सह्या लागतात. घर एकाच्याच नावावर आहे ही सबब चालत नाही. छप्पर उत्तम झाले, पण पत्नीची सही राहिली, तर देणे बुडत नाही. कंत्राटदार पैशासाठी दावा लावू शकतो. घराला मात्र त्यास हात लावता येत नाही, आणि काम झाल्यावर सही मिळवूनही उपयोग नसतो.

जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी नियम अधिकच कडक आहेत, आणि त्यांचा रोख उघडपणे घाईवर आहे. उधारीसाठी लेखी अर्ज केल्यावर पाचव्या दिवसापूर्वी करारावर सही करता येत नाही. सही झाल्यावरही तीन दिवसांत विनादंड माघार घेता येईल, असे कलम करारात असावेच लागते. आरोग्यास वा जीवितास धोका असल्याने तातडीची दुरुस्ती करावयाची असेल, तर मुदतीच्या या दोन्ही अटी शिथिल होतात. मात्र सही कर्ज देणाऱ्या त्रयस्थ संस्थेच्या, वकिलाच्या किंवा मालमत्तेच्या हक्काची हमी देणाऱ्या कंपनीच्या कचेरीतच व्हावी लागते. मालकाच्या दिवाणखान्यात घेतलेल्या सहीने बोजा चढत नाही.

मुख्य कंत्राटदाराने रीतसर केलेला करार त्याच्या हाताखालील सुतार, नळकारागीर व सामान पुरविणारे या सर्वांच्या उपयोगी पडतो. त्याने तो न केल्यास, तो कागद कधी पाहिलाही नसलेल्या या माणसांचा घरावरील हक्कही त्याबरोबरच जातो.