जर्मन सिल्व्हर : नावात चांदी, धातूत नाही

बाजारात 'जर्मन सिल्व्हर' म्हणून मिळणारे पैंजण, डूल वा तबक चांदीसारखे दिसते. परंतु या मिश्रधातूत चांदी मुळीच नसते. शंभर भागांत सुमारे ६० भाग तांबे, २० भाग निकेल व २० भाग जस्त, असे त्याचे सर्वसाधारण प्रमाण असते. निकेलमुळे तांब्याची तांबडी छटा लोपून शुभ्रपणा येतो.

चीनमध्ये अशी मिश्रधातू पूर्वीपासून ज्ञात होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत तिचे अनुकरण साधले; त्यावरून हे नाव रूढ झाले. ती चांदीहून कठीण व स्वस्त असल्याने दागिने, चमचे, किल्ल्या यांस उपयोगी पडते. चमच्यांवर विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामाही देतात.

तथापि निकेल काहींच्या त्वचेस सोसत नाही. कान टोचलेल्या जागी खाज सुटते, पुरळ उठतो. वर्गातील एखाद्या मुलीस असा त्रास दिसल्यास 'कान पिकला' एवढ्यावर न थांबता डूल काढून ठेवण्यास व वैद्यास दाखविण्यास पालकांस सुचवावे. मुलामा नसलेल्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नयेत, हेही मुलांस सांगावे.

स्वस्त दागिना वापरण्यात कमीपणा नाही. मात्र तो कशाचा आहे, हे जाणून वापरावा.