सर्व्हरबाहेरचे सीडीआय : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सीडीआय, म्हणजे कॉन्टेक्स्ट्स अँड डिपेन्डन्सी इन्जेक्शन, हे जावातले एक प्रमाणित तंत्र आहे. एखाद्या क्लासला कामासाठी दुसरा कोणता ऑब्जेक्ट लागतो एवढेच प्रोग्रॅमर नोंदवून ठेवतो; तो तयार करून हाती देण्याचे काम कंटेनर करतो. डिसेंबर २००९ मध्ये जावा ईई ६ बरोबर हे तंत्र आले. त्यामुळे सीडीआय हवे तर ॲप्लिकेशन सर्व्हर हवाच, अशी समजूत रूढ झाली आणि ती अजूनही भेटते.

वस्तुस्थिती तशी नाही. सीडीआयची मूळ अंमलबजावणी असलेले ‘वेल्ड’ सर्व्हरशिवायही चालत होते. २०१७ च्या सीडीआय २.० ने ही सोय प्रमाणित तंत्रातच घातली: मेन मेथडमध्ये एसई-कंटेनर-इनिशियलायझर वापरून कंटेनर सुरू करायचा आणि हवा तो ऑब्जेक्ट त्याच्याकडे मागायचा. इन्जेक्शनचेच काम करणारी दुसरी फ्रेमवर्क, म्हणजे २००४ मध्ये पहिली आवृत्ती निघालेले स्प्रिंग आणि २००७ मध्ये आलेले गूगलचे ज्यूस (Guice) यांचा गाभा तर पहिल्यापासूनच साध्या प्रोग्रॅममध्ये चालतो. समजा, पीथमपूर किंवा देवासच्या एखाद्या कारखान्यात पाळी संपली की उत्पादनाच्या नोंदींची फाइल वाचून आकडे डेटाबेसमध्ये भरणारा प्रोग्रॅम आहे. दिवसातून तीनदा काही मिनिटे चालणाऱ्या अशा कामासाठी चोवीस तास सर्व्हर चालू ठेवण्याची गरज नसते.

एवढे कळले की दुसऱ्या टोकाचा गैरसमज होतो: सर्व्हरवर चालणारा कोड तसाच्या तसा उचलून आणला की झाले. हा गैरसमज पहिल्यापेक्षा जास्त महागात पडतो, कारण सर्व्हर ऑब्जेक्ट जोडून देण्याखेरीज आणखी बरेच काही करत असतो.

स्कोपचेच, म्हणजे ऑब्जेक्ट किती काळ जगतो याचेच, पाहा. वेब सर्व्हरवर प्रत्येक विनंतीबरोबर रिक्वेस्ट स्कोप सुरू होतो आणि विनंतीबरोबरच संपतो. मेन मेथडमधून चालणाऱ्या प्रोग्रॅमला अशी विनंती येतच नाही. तरीही कंटेनर बिनतक्रार सुरू होतो, कारण तो प्रत्यक्ष ऑब्जेक्टऐवजी त्याचा प्रतिनिधी, म्हणजे प्रॉक्सी, हाती देतो. त्या प्रॉक्सीवर पहिली मेथड बोलावली की मगच ‘कॉन्टेक्स्ट-नॉट-ॲक्टिव्ह’ ही चूक समोर येते. म्हणून ‘प्रोग्रॅम सुरू झाला, म्हणजे जोडणी बरोबर आहे’ असे धरून चालता येत नाही. सीडीआय २.० मध्ये ॲक्टिव्हेट-रिक्वेस्ट-कॉन्टेक्स्ट हे ॲनोटेशन त्यासाठीच आहे. ते लावलेल्या मेथडपुरता स्कोप जागा होतो. मात्र हा स्कोप थ्रेडशी बांधलेला असतो. मेथडने आतून दुसऱ्या थ्रेडवर काम सोपवले, तर तिथे तो आपोआप पोचत नाही.

ट्रान्झॅक्शनच्या बाबतीत धोका अधिक आहे, कारण तिथे चूक दाखवणारा संदेशही येत नाही. मेथडवर ट्रान्झॅक्शनल असे लिहिले की तिच्यातले सगळे बदल एकत्र पक्के होतील किंवा एकत्र रद्द होतील, असे मानले जाते. प्रत्यक्षात ते ॲनोटेशन ही नुसती खूण आहे. ती पाहून ट्रान्झॅक्शन सुरू करणारा इंटरसेप्टर सर्व्हरबरोबर येतो. तो नसेल तर सीडीआय त्या खुणेकडे पाहतही नाही. डेटाबेसशी जोडणाऱ्या जेडीबीसीचे कनेक्शन सुरुवातीला ऑटो-कमिट स्थितीत असते, म्हणजे प्रत्येक आज्ञा स्वतंत्रपणे पक्की होत जाते. वरच्या प्रोग्रॅममध्ये फाइलच्या मधल्या एखाद्या ओळीवर बिघाड झाला, तर आधीच्या ओळी डेटाबेसमध्ये राहतात आणि पुढच्या राहून जातात. प्रोग्रॅम पुन्हा चालवला की आधीच्या ओळी दुसऱ्यांदा भरल्या जाण्याची भीती. सर्व्हरबाहेर पडताना पहिली तपासणी याचीच व्हायला हवी: ट्रान्झॅक्शन मॅनेजर वेगळा जोडावा, नाहीतर सुरुवात आणि शेवट कोडमध्ये उघड लिहावा.

इन्जेक्ट हे ॲनोटेशन लिहिले की ऑब्जेक्ट आपोआप मिळतो, हेही अर्धसत्यच. स्वतः ‘न्यू’ लिहून बनवलेल्या ऑब्जेक्टची कंटेनरला खबर नसते. त्यातली फील्ड रिकामीच राहतात. नाव बदलल्यानेही अलीकडे बरेच जण अडकतात. जावा ईईचे पुढे जकार्ता ईई झाले; २०२० च्या जकार्ता ईई ९ पासून पॅकेजांची नावे ‘जावाएक्स’वरून ‘जकार्ता’ झाली. नव्या कंटेनरखाली जुन्या नावाचे इन्जेक्ट राहिले, तर जुनी लायब्ररी सोबत असल्यास कोड कंपाइल होतो, पण कंटेनर ती खूण ओळखत नाही.

सगळ्या लायब्ऱ्या एकाच मोठ्या जार फाइलमध्ये कोंबल्या की काम सोपे होते, असाही समज आहे. प्रत्येक लायब्ररीच्या मेटा-इन्फ फोल्डरमध्ये बीन्स-डॉट-एक्सएमएल नावाची फाइल असू शकते. एकत्र करताना एकाच नावाच्या या फाइली एकमेकींवर येतात आणि बहुधा एकच उरते. मग त्यांतल्या इंटरसेप्टरच्या नोंदी गळतात. मेटा-इन्फमधल्या सर्व्हिसेसच्या नोंदींचेही तेच. जार बांधणाऱ्या साधनाला त्या जोडायला सांगावे, किंवा जार वेगवेगळ्याच ठेवाव्यात. दुसरा मार्ग कमी कटकटीचा.

‘इन्जेक्शनमुळे प्रोग्रॅम मंदावतो’ हे विधान सरसकट खरे नाही. वेळ मुख्यतः सुरुवातीला, क्लास शोधून तपासण्यात जातो. त्यासाठी शोधाची व्याप्ती मोजक्या पॅकेजांपुरती ठेवता येते. डॅगर ही इन्जेक्शनची लायब्ररी तर सगळी जोडणी कंपाइल होतानाच लिहून काढते. २०२२ च्या सीडीआय ४.० मधला ‘लाइट’ भागही बांधणीच्या वेळीच काम उरकता यावे यासाठी वेगळा केला आहे.

फ्रेमवर्क नसेल तर डिपेन्डन्सी इन्जेक्शनच नाही, हा समज मात्र मुळातच चुकीचा आहे. मार्टिन फाउलर यांनी जानेवारी २००४ मधल्या लेखात हे नाव रूढ केले, ते रचनेच्या एका पद्धतीसाठी. लागणारे ऑब्जेक्ट कन्स्ट्रक्टरमधून घेतले, तर पाच-सहा क्लासच्या प्रोग्रॅममध्ये सगळी जोडणी मेन मेथडमध्ये हातानेच करता येते. चाचणी घेतानाही खऱ्या डेटाबेसच्या जागी खोटा ऑब्जेक्ट कन्स्ट्रक्टरला दिला की पुरते. कंटेनर सुरूही करावा लागत नाही.