पळभराची चाल

आमच्या रत्नागिरीकडे एखाद्या जुन्या घराच्या फडताळात अजून एक तांब्याची वाटी सापडते. बुडाला बारीकसं भोक. लग्नाच्या मुहूर्ताला ती घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी चढत चढत वाटी भरली आणि बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. घटकेची ६० पळं, आणि एक पळ २४ सेकंदांचं.

मला ही वाटी आठवली ती बुद्धिबळामुळे. २८ जुलै २०२५, जॉर्जियातलं बाटुमी. महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत समोरासमोर दोघी भारतीय: नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख आणि तिच्याहून दुप्पट वयाची, कसलेली कोनेरू हंपी. संथ गतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते. आता जलद डाव. प्रत्येकीला १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंदांची भर. म्हणजे सुरुवातीला हातात पुरती घटकाही नाही! डाव ६० चालींचा झाला असं धरा. ९०० सेकंद आणि वरचे ६००, एकूण १५००. चालीला पडले २५ सेकंद. साधारण एका पळाला एक चाल.

त्या पळात करायचं काय असतं? पट मांडला की पांढऱ्याला २० चाली असतात: प्याद्यांच्या १६, घोड्यांच्या ४. काळ्यानेही एक चाल केली की ४०० शक्यता. दोघांच्या दोन-दोन चाली होईपर्यंत १,९७,२८१ वाटा फुटलेल्या असतात. डाव रंगात आला की साधारण ३०-३५ चाली समोर असतात. आपण ३० धरू. माझी चाल, तिचं उत्तर, पुन्हा माझी चाल, एवढंच बघायचं तरी २७,००० वाटा. एकेकीला एक सेकंद दिला तर साडेसात तास लागतील, आणि आपल्याकडे आहे एक पळ.

उत्तर असं, की पट्टीचा खेळाडू त्या वाटा बघतच नाही. आंब्याच्या झाडाखाली झेला घेऊन उभा राहिलेला गडी बघा. तो फांदीवरचा आंबा न् आंबा तपासत बसत नाही. देठाजवळचा खांदा, सालीचा उतरलेला रंग, एवढ्यावर नजर थेट चौदा आणे तयार फळावर जाते. मग त्या दोन-चार फळांपैकी कुठलं आधी, एवढाच विचार. बुद्धिबळात त्या दोन-चार फळांना उमेदवार चाली म्हणतात. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ख्रोट स्वतः ऑलिंपियाड खेळलेला. त्याने खेळाडूंना पटासमोर बसवून मोठ्याने विचार करायला लावलं. १९४६ साली त्याने मांडलेला निष्कर्ष मला आजही थक्क करतो. ग्रँडमास्टर इतर चांगल्या खेळाडूंपेक्षा फारसं खोल बघत नाहीत. त्यांची नजर पहिल्याच झटक्यात योग्य चालींवर पडते.

नजर पडली तरी काम संपत नाही. सोव्हिएत ग्रँडमास्टर अलेक्झांडर कोतोव्हने शिस्त सांगितली: आधी उमेदवार ठरवा, मग एकेका फांदीच्या शेवटापर्यंत जा, आणि तिथे पुन्हा फिरकू नका. शह, मोहरं मारणं, धमकी आधी तपासायची. खरी मेहनत समोरच्याचं सगळ्यात बोचरं उत्तर आपणच शोधण्यात आहे. आपल्या सोयीचं उत्तर धरून चालणारा तिथेच फसतो. कोतोव्हने एक दुखणंही अचूक टिपलंय: खेळाडू दोन चालींमध्ये घुटमळत राहतो, घड्याळ संपत येतं, आणि घाईने भलतीच तिसरी चाल करून मोकळा होतो. ती त्याने तपासलेलीच नसते.

पटाशेजारी जोडघड्याळ आलं ते १८८३ च्या लंडनच्या स्पर्धेत. तुमचं थांबलं की माझं चालू. पुढे, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, बॉबी फिशरने दर चालीला काही सेकंद परत देणाऱ्या घड्याळाचं पेटंट घेतलं. वाटी बुडता बुडता कुणी तिच्यातलं चमचाभर पाणी काढून टाकावं, तसं.

बाटुमीत त्या दिवशी पहिला जलद डावही बरोबरीत गेला. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. डाव लांबला, दोघीही दमलेल्या. हंपीसारखी जगज्जेती जलद खेळाडू वेळेच्या कोंडीत सापडली, चुकली, आणि दिव्या अडीच विरुद्ध दीड अशी जिंकली. ती बाटुमीला गेली तेव्हा ग्रँडमास्टरपदासाठी लागणारा एकही नॉर्म, म्हणजे पात्रतेची कामगिरी, तिच्याकडे नव्हता. या विजयाने ती थेट भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली.

त्याच पावसाळ्यात इथे रत्नागिरीत मी शाळकरी मुलांचे डाव बघत उभा होतो. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. दहा-एक वर्षांच्या एका पोराचा हात घोड्याकडे गेला आणि बोटभर वर थबकला. हात लावला की तेच मोहरं खेळावं लागतं. त्याने हात मागे घेऊन मांडीखाली दाबून धरला. नजर पटभर फिरली, घड्याळावर गेली, परत आली. मग त्याच हाताने कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं आणि त्याच हाताने घड्याळ दाबलं. मी मनात मोजत होतो. एक पळ भरायला दोन सेकंद बाकी होते.