नायटा, नागीण आणि व्हिडिओ कॉल

पुण्यातल्या कात्रज चौकात साताऱ्याकडून, कोंढव्याकडून आणि नवले पुलाकडून आलेली वाहनं एकमेकांत अडकलेली असताना, मांडीवरच्या खाजेसाठी कुणी अर्धी रजा टाकून त्वचारोगतज्ज्ञाकडे जाईल ही अपेक्षा जरा भाबडीच आहे. बहुतेक जण घराजवळच्या मेडिकलमध्ये जातात, ‘खाजेवरची चांगली ट्यूब द्या’ म्हणतात आणि परत येतात. त्वचेच्या ऑनलाइन सल्ल्याबद्दल बोलताना ही ट्यूब कुणाच्या लक्षात राहत नाही. सगळे एकच विचारतात: फोनवरची तपासणी दवाखान्यातल्या तपासणीइतकी चांगली असते का? नसते. पण तुलना करायची तर त्या ट्यूबशी करा, कारण माणूस खरोखर तिच्याकडेच वळणार असतो.

मग ट्यूबपासूनच सुरुवात करू. ‘दोन दिवसांत खाज थांबली, म्हणजे औषध लागू पडलं’ हा आपल्याकडचा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. यातल्या पुष्कळ ट्यूबमध्ये बुरशीविरोधी औषधासोबत प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड असं मिश्रण असतं. स्टेरॉइड त्या जागची प्रतिकारशक्ती दडपतं. लाली उतरते, खाज थांबते आणि बुरशीला मात्र रान मोकळं मिळतं. ट्यूब बंद केली की नायटा दुप्पट जागा व्यापून परत येतो. शिवाय गजकर्णाची ओळखीची गोल, उठावदार कड पुसली गेलेली असते, त्यामुळे अनुभवी डॉक्टरही क्षणभर चकतो. वैद्यकात या बहुरूप्याला ‘टिनिया इन्कॉग्निटो’ असं नाव आहे. जांघेत महिनोन्‌महिने अशी ट्यूब लावली तर कातडी पातळ होऊन कायमचे ओरखड्यासारखे पट्टे उमटतात. गोरं होण्यासाठी चेहऱ्यावर लावली तर मुरुमं, लाली आणि नको तिथे लव येते.

केंद्र सरकारने मार्च २०१८मध्ये चौदा स्टेरॉइड मलमं ‘शेड्यूल एच’खाली आणली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम कागदावर चोख आहे. काउंटरवर काय चालतं ते वाचकांना सांगायला नको. दरम्यान बुरशीही बदलली. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या जातीला २०२०मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असं नाव मिळालं. त्यातला ‘इंडो’ आपल्याच देशाचा. त्यामुळे ऑनलाइन सल्ला घेताना डॉक्टरांना पुरळाच्या आधी दाखवायची गोष्ट म्हणजे घरातल्या सगळ्या अर्धवट पिळलेल्या ट्यूब. लाज वाटत असली तरी दाखवा.

‘फोनवर औषध लिहून देणं बेकायदा आहे’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात आणि त्यामागे कारणही आहे. रत्नागिरीतल्या एका बाळंतिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१८मध्ये डॉक्टर दाम्पत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. डॉक्टर रुग्णालयात हजर नसताना फोनवरच्या सूचनांवर उपचार चालले, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. त्यानंतर राज्यभरच्या डॉक्टरांनी फोनवर ‘पॅरासिटामॉल घ्या’ म्हणायचाही धसका घेतला. ही धास्ती संपली ती टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी, २५ मार्च २०२०ला. त्या दिवशी केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि नोंदणीकृत डॉक्टरला व्हिडिओ, फोन किंवा मेसेजवरून सल्ला देण्याची रीतसर मुभा मिळाली.

ही मुभा सरसकट नाही, हे मात्र नीट समजून घ्यावं. औषधांच्या याद्या केल्या आहेत. पहिल्याच भेटीत, तीही व्हिडिओवर, देता येतील अशा औषधांत त्वचेची काही साधी मलमं आणि लोशनं नावानिशी आहेत: क्लोट्रिमॅझोल, म्युपिरोसिन, कॅलामाइन, खरजेवरचं बेंझिल बेंझोएट. म्हणजे ओळखदेख नसलेल्या डॉक्टरला नुसता मेसेज टाकून जबर गोळ्या लिहून घेणं या चौकटीत बसत नाही. ज्यांनी तुम्हाला गेल्या सहा महिन्यांत त्याच आजारासाठी प्रत्यक्ष तपासलं आहे, त्यांच्याशी पुढचा सल्लामसलतीचा फोन अधिक मोकळेपणाने होऊ शकतो. सोरायसिस, इसब, मुरुमं अशा रेंगाळणाऱ्या दुखण्यांत माझ्या मते ऑनलाइनचा खरा फायदा इथेच आहे: पहिली भेट समोरासमोर, मधल्या फेऱ्या फोनवर. अल्पवयीन रुग्णासोबत मोठं माणूस हवंच. ‘तुम्ही प्रत्यक्ष या’ असं सांगायचा अधिकार डॉक्टरला कधीही आहे. तसं सांगणारा डॉक्टर टाळाटाळ करत नसतो.

‘ॲपच निदान करतं’ हा ताजा समज. टेलिमेडिसिनच्या याच तत्त्वांनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेला रुग्णाला सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची परवानगी नाही. ती डॉक्टरच्या मदतीला असू शकते, एवढंच. चिठ्ठीवर डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक नसेल तर तो कागद निरुपयोगी समजावा. फी घेतली तर पावतीही मागावी. फी द्यायची नसेल तर सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवा मोफत आहे. कात्रज घाटापलीकडे भोर तालुक्यातल्या माणसाला आरोग्य केंद्रात बसून, तिथल्या कर्मचाऱ्याच्या मदतीने ती वापरता येते. ज्याला स्मार्टफोन जमत नाही त्याच्यासाठी ही सोय मला जास्त मोलाची वाटते.

‘फोटो पाठवला की झालं.’ इथे फोनच दगा देतो. पुढच्या कॅमेऱ्यातला ब्युटी मोड कातडी गुळगुळीत करतो, म्हणजे डॉक्टरला जे खवले आणि पुटकुळ्या पाहायच्या असतात तेच पुसून टाकतो. फ्लॅशने चमक येते, पिवळ्या दिव्याखाली रंग बदलतो, व्हॉट्सॲपवर फोटोचा बारकावा जातो. दिवसा खिडकीजवळ, मागच्या कॅमेऱ्याने, एक फोटो लांबून आणि एक जवळून काढावा. शेजारी नाणं ठेवलं तर आकार कळतो. त्याआधी तिथे हळद, तेल, पावडर लावू नये. शिवाय आपल्या सावळ्या वर्णावर दाह लाल दिसेलच असं नाही, तो तपकिरी किंवा जांभळट दिसतो. ‘लाल नाही, म्हणजे काही नाही’ हा निष्कर्ष म्हणून चुकीचा.

आणि फोटोपेक्षा हकिगत जास्त बोलते. भारती विद्यापीठाच्या आसपास वसतिगृहात राहणारा मुलगा बोटांच्या बेचक्यांत खाज येते म्हणाला, तर चांगला डॉक्टर आधी विचारेल, रात्री वाढते का, आणि खोलीतले बाकीचे खाजवतात का? दोन्हीला हो असेल तर खरजेचा संशय बळावतो, फोटो धूसर असला तरी. मग औषध एकट्याने लावून उपयोग नाही. ज्यांना खाज नाही त्यांच्यासकट खोलीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं.

जांघेतला किंवा गुप्तांगाचा फोटो पाठवायला संकोच वाटणं साहजिक आहे. चेहरा आणि ओळख पटेल अशी खूण फोटोत येऊ देऊ नका. तो दवाखान्याच्या स्वागतकक्षाच्या सामाईक नंबरवर धाडू नका. फोटोऐवजी प्रत्यक्ष दाखवायचं म्हटलं तर तेही बिनदिक्कत सांगा.

नागिणीबद्दल मात्र घाई हवी. ‘दोन्ही टोकं जुळली की माणूस दगावतो’ हे खोटं आहे. सर्पोद्यानाच्या शेजारी राहणाऱ्या कात्रजकरांनी तरी या नागिणीला सापांत मोजू नये. लहानपणी कांजिण्या देऊन मज्जातंतूंत दडून बसलेला विषाणू पुन्हा उठतो आणि एका तंतूच्या वाटेने, बहुधा शरीराच्या एकाच बाजूला, पट्टा उमटतो. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वाधिक उपयोगी पडतात. मांत्रिकाच्या लेपात हेच तास जातात. त्याच संध्याकाळचा व्हिडिओ कॉल इथे वेळ वाचवतो. फोड नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ असतील तर कॉल करत बसू नये, थेट नेत्रतज्ज्ञ गाठावा. नवं औषध घेतल्यावर ताप, तोंडात फोड आणि कातडी सुटणं, किंवा ओठ सुजून श्वास अडकणं, यांतही जागा रुग्णालयाचीच.

पडद्याला स्पर्श कळत नाही, ही त्याची सगळ्यात मोठी उणीव. अंगावरचा फिकट चट्टा सुरमा असेल, कोड असेल किंवा कुष्ठरोगही. फरक कळायला कापसाचा बोळा तिथे टेकवून विचारावं लागतं, ‘कळतंय का?’ चट्टा बधिर असेल तर कुष्ठरोगाचा संशय घ्यायचा आणि डॉक्टरने मज्जातंतू हाताने चाचपायचे. कात्रज–कोंढवा रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला, कोंढव्यात, डॉ. बंदोरवाला कुष्ठरोग रुग्णालय आहे. आजाराचं औषध मोफत मिळतं, सहा ते बारा महिने घ्यावं लागतं आणि ते सुरू झालं की लवकरच रुग्णापासून दुसऱ्याला लागण होणं थांबतं. बधिर चट्ट्यासाठी व्हिडिओ कॉलवर डॉक्टरने ‘इकडे या’ म्हटलं, तर त्याच आठवड्यात जावं.